आधी लेन्स, मग बॉडी: मराठवाड्यात पहिला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी

माझा पहिला कॅमेरा मी उलट्या क्रमानं घेतला. दिवाळीच्या आठवड्यात परभणीहून सकाळची रेल्वे पकडून संभाजीनगरला गेलो, दुकानात शिरलो आणि विचारलं, "चाळीस हजारात कोणता चांगला येईल?" दुकानदारानं बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), दोन किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्स), बॅग, ट्रायपॉड आणि मेमरी कार्ड असा 'कॉम्बो' पुढं मांडला. तासाभरात मी पिशवी घेऊन बाहेर. घरी काका म्हणाले, "यवढ्यात ट्रॅक्टरचं टायर आलं असतं की रं."

वर्षभरानं हिशोब मांडला. ट्रायपॉड गच्चीवरच्या पहिल्याच वाऱ्यात लवंडला होता. दुसरी लेन्स मोजून चार वेळा लावली होती. ६४ जीबी लिहिलेल्या कार्डावर १६ जीबीनंतरचे फोटो उघडतच नव्हते. आणि मला ज्यांचे फोटो हवे होते, म्हणजे तिन्हीसांजेला ओसरीवर बसलेली माणसं आणि लेण्यांतला अर्धा अंधार, ते त्या लेन्सनं एक तर हललेले यायचे नाही तर काळे.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. मी आधी डबा घेतला आणि मग त्यातून काय बघायचं ते शोधत बसलो. म्हणून खाली दिलेला क्रम उलटा आहे: आधी विषय, मग लेन्स, मग माउंट (बॉडीला लेन्स जिथं बसते ती खाच), आणि सगळ्यात शेवटी बॉडी.

१. महिनाभर फोनलाच विचारा

दुकानात जायच्या आधी एक महिना फोनवरच फोटो काढा, पण अडतंय कुठं ते लिहून ठेवा. वहीत नाही तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच.

दोन बोटांनी सारखं जवळ ओढताय? म्हणजे तुम्हाला टेले, लांबचं जवळ आणणारी लेन्स, लागणार. मागं सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते? वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी. दिवेलागणीनंतर माणसं पुसट येतात? मग जास्त प्रकाश आत घेणारी, मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. आणि फोनवर सगळं छान येतंय असंच महिनाअखेर वाटलं, तर पैसे वाचले. हेही उत्तरच आहे.

एखाद्या मित्राकडं किट लेन्सवाला कॅमेरा असेल तर एक रविवार मागून घ्या. घरी येऊन प्रत्येक फोटोची माहिती उघडा, त्यात किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. माझे निम्म्याहून जास्त फोटो ३० ते ४० च्या मधले निघाले. हे आधी कळलं असतं तर दुसरी किट लेन्स मी घेतलीच नसती.

२. लेन्सवरचे दोन आकडे

लेन्सवर बरंच काही लिहिलेलं असतं, पण सुरुवातीला दोनच आकडे वाचायला शिका.

पहिला मिलिमीटरचा. आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. पण हा आकडा सेन्सरबरोबर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप) वाचायचा असतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हौशी माणूस बहुधा घेतो तो एपीएस-सी, त्याहून लहान. त्यावर दृश्य कापलं जातं, म्हणून आकड्याला १.५ नं गुणायचं, कॅननला १.६ नं. एपीएस-सीवर ३५ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या पन्नाशीसारखी दिसते, आणि ५० ची लेन्स ७५-८० सारखी.

दुसरा आकडा एफचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा. हा उलटा चालतो: आकडा लहान तितकी खिडकी मोठी. किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते. एफ/१.८ ची प्राइम तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे ओसरीत प्राइमला १/६० सेकंद पुरत असेल, तिथं किट लेन्सला १/६ सेकंद लागेल. १/६ ला माणूस नुसता हसला तरी हलतो.

इथं दुकानात एक उत्तर हमखास मिळतं: "सर, यात स्टॅबिलायझेशन आहे." आहे, आणि ते कामाचंही आहे. पण ते तुमचा थरथरता हात सावरतं, पळणारं वासरू नाही.

३. आपल्याकडं कशासाठी कोणती लेन्स

घरची माणसं, सण, बारसं: एपीएस-सीवर ३५ मिलिमीटर एफ/१.८ किंवा त्याच्या आसपासची. सगळे 'फिफ्टी घ्या' म्हणतात, कारण ती स्वस्त असते. पण एपीएस-सीवर फिफ्टी दहा बाय बाराच्या खोलीत फार जवळ येते. पाळण्याचा फोटो काढायला मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो होतो. अंगणात, शेतात, एकट्या माणसाच्या चेहऱ्याला मात्र फिफ्टीसारखी गोडी नाही.

लेणी आणि किल्ले: वेरूळचं कैलास मंदिर वरून खाली कोरत आणलेलं, म्हणून ते एका खोल खड्ड्यात उभं आहे. खाली प्रांगणात उभं राहिलं की मागं सरकायला जागाच नसते. तिथं १० ते १८ मधली वाइड लेन्स लागते. पण बाजूच्या डोंगरावर चढून वरून पाहिलं की किट लेन्सची १८ सुद्धा पुरते, आणि खरं सांगायचं तर तोच फोटो जास्त चांगला येतो. त्यामुळं फक्त कैलाससाठी वाइड घेऊ नका. दौलताबाद, नळदुर्ग, औसा, उदगीर असे किल्ले फिरायची सवय असेल तर जरूर घ्या. वाइड लेन्स वर रोखली की बुरूज मागं कलल्यासारखे दिसतात, तेव्हा कॅमेरा वर न कलवता शक्य तितका समोर, सरळ धरा.

अजिंठ्याचं गणित वेगळं. चित्रांना प्रकाशानं इजा होते म्हणून तिथं फ्लॅशला बंदी आहे आणि आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तिथं वाइडपेक्षा एफ/१.८ ची प्राइम कामाला येते. आयएसओ, म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. दाणे दिसतील, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा.

पक्षी आणि प्राणी: इथंच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर. हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर रोहित पक्षी येतात, पट्टकदंब येतात. त्यांचे फोटो पाहून माणूस ७०-३०० घेतो, पैठणकडं जातो आणि घरी गुलाबी ठिपके घेऊन येतो. रोहित उथळ पाण्यात, काठापासून लांब चरतात. त्यांना ३०० तोकडी पडते. १५०-६०० लेन्स पुरते, पण ती एकटीच दोन किलोच्या आसपास भरते. तासभर हातात धरून पाहिल्याशिवाय तिचे पैसे देऊ नका.

माझा सल्ला: ७०-३०० किंवा ५५-२५० नं सुरुवात करा, पण रोहितांपासून नको. वाटेवरच्या तारेवर बसणारा नीलपंख, बांधावरची टिटवी, ज्वारीच्या शेतातली काळविटं यांच्यावर हात बसवा. चारचाकी असेल तर खाली उतरू नका, काच खाली करून आतूनच फोटो घ्या. पक्षी गाडीला फारसे दचकत नाहीत, दार उघडून पाय खाली टाकला की उडतात. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. आणि घरट्याच्या जवळ जाऊ नका, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

जत्रा: माळेगावची खंडोबाची यात्रा, घोड्यांचा बाजार, भंडारा, गर्दी. इथं साधी किट लेन्स किंवा १८-१३५ उत्तम. भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला हळद लावणं.

४. माउंट: लग्न लेन्सशी आहे

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षं टिकते. म्हणून कोणत्या कंपनीचा कॅमेरा, हा प्रश्न खरा म्हणजे कोणत्या माउंटच्या लेन्स, असा आहे.

कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा, निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. त्यामुळं या दोन्हींच्या जुन्या लेन्स बाजारात भरपूर आणि स्वस्त मिळतात. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी (आत आरसा नसलेले कॅमेरे) नवे माउंट आणले, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे, आणि त्याला बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स मुबलक आहेत. फुजीचा एक्स माउंट एपीएस-सीसाठीच बनलेला.

जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स अ‍ॅडाप्टर लावून त्याच कंपनीच्या नव्या मिररलेसवर चालतात. उलटं होत नाही: आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसणार नाही.

नेहमीचे दोन सापळे:

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांत फोकसची मोटर नसते. जुन्या 'एएफ-डी' लेन्स त्यांवर बसतात, फोटोही येतो, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. मी अशीच एक जुनी फिफ्टी पाच हजारांना आणली आणि दोन दिवस 'ही बिघडली' म्हणून कपाळाला हात लावून बसलो. बिघडलेलं काहीच नव्हतं, मी विचारलं नव्हतं. निकॉनचीच लेन्स हवी असेल तर नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' पाहा, आणि एएफ-पी असेल तर तुमच्या मॉडेलला ती चालते का तेही विचारा.

कॅननच्या ईएफ-एस लेन्स एपीएस-सी बॉडीसाठीच असतात, फुल फ्रेम डीएसएलआरवर त्या बसत नाहीत. 'पुढं फुल फ्रेम घेऊ' असा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

५. बॉडी: चार गोष्टी पाहा, बाकी सोडा

मेगापिक्सेलच्या मागं लागू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान त्यातून अगदी स्वच्छ छापून येतं. घराच्या भिंतीवर त्याहून मोठं काय लावणार?

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची जागा, हवाच. मार्च ते जून भर दुपारी मागच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही. व्लॉगिंगसाठी काढलेल्या काही मिररलेस बॉड्यांना व्ह्यूफाइंडर नसतो. दुकानाच्या एसीत बसून हे लक्षात येत नाही. कॅमेरा घेऊन दारात, उन्हात या आणि मग बघा.

बॅटरी. डीएसएलआर एका चार्जवर पाचशे ते हजाराच्या आसपास फोटो देते. मिररलेसची बॅटरी बऱ्याचदा तीन-चारशेला मान टाकते. दिवसभर यात्रेत असाल आणि गावी रात्री लाइट नसेल, तर दुसरी बॅटरी बजेटमध्ये आजच धरा.

चौथी गोष्ट पकड. मोठ्या पंजाच्या माणसाला फार लहान बॉडी टोचते. उचलून धरा, पाच मिनिटं धरा. दुकानदार बघत राहिला तरी.

डीएसएलआर की मिररलेस? माझं मत सरळ आहे. हात आखडता असेल तर जुना डीएसएलआर आणि एक चांगली प्राइम. नवंकोरं घेण्याइतके पैसे असतील तर मिररलेसच, कारण कंपन्यांचा सगळा नवा माल आता तिकडंच येतो आणि डोळ्यावर फोकस धरण्यात तो फार पुढं आहे. पैशाची वाटणी करताना बॉडीला निम्म्याहून जास्त देऊ नका.

६. जुना माल घेताना

आपल्याकडं तालुक्याच्या गावीही लग्नाचे फोटोग्राफर असतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच मिररलेसवर गेले. त्यामुळं डीएसएलआर आणि लेन्स चांगल्या भावात मिळतात. फक्त लक्षात ठेवा, लग्नसराईत राबलेला कॅमेरा म्हणजे ऊस वाहिलेला ट्रॅक्टर. बाहेरून धुतलेला असतो.

बघायला जाताना सोबत घ्या: स्वतःचं कार्ड, फोनचा टॉर्च, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), आणि जमलं तर लॅपटॉप. दिवसा जा.

शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा, पाहा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉड्यांचं शटर साधारण एक लाख वेळा उघडझाप होईल असं धरलेलं असतं. निकॉनच्या फोटोच्या आतल्या माहितीतच हा आकडा मिळतो. कॅननच्या फोटोत तो बहुधा नसतो, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पंधरा-वीस हजार असेल तर छान, ऐंशी हजार असेल तर भाव पाडा.

सेन्सर पाहायला एफ/१६ ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या आणि मोठा करून पाहा. काळे ठिपके धुळीचे, ते साफ होतात. एकाच जागी राहणारी रेघ किंवा ओरखडा दिसला तर उठा आणि चहा पिऊन घरी या.

लेन्समध्ये एका बाजूनं टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं तर ती बुरशी. "साफ होती, काही नाही" असं म्हणतील. साफसफाईचा खर्च लेन्सच्या भावाला भिडतो आणि काचेवरचा लेप गेलेला असेल तर तो परत येत नाही. दोन-चार धुळीचे कण मात्र प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांना घाबरू नका.

मग झूम आणि फोकसची कडी फिरवा, कचकच लागते का पाहा. मागच्या माउंटच्या धातूला झीज आहे का, कार्डाच्या खाचेतली एखादी पिन वाकली आहे का, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, वरची फ्लॅश बसवायची खाच हलते का. सगळ्यात शेवटी जवळचं एक आणि लांबचं एक असं फोकस लावून वीसेक फोटो काढा आणि तिथंच बसून पाहा.

ॲडव्हान्स आधी पाठवू नका. "मी लष्करात आहे, कॅमेरा कुरिअरनं पाठवतो" अशी कहाणी आली की फोन ठेवा.

७. कागदपत्रं

नवा घेताना:
- तुमच्या नावाचं जीएसटी बिल, त्यावर बॉडीचा आणि प्रत्येक लेन्सचा अनुक्रमांक
- भारतातल्या वॉरंटीचं कार्ड किंवा ऑनलाइन नोंदणी, शक्यतो दुकानात उभं राहूनच
- हप्त्यावर घेत असाल तर आधार, पॅन आणि बँकेचा तपशील

"बिल नको असेल तर चार हजार कमी" हे वाक्य ऐकलं की थांबा. तो माल बऱ्याचदा बाहेरून परस्पर आलेला असतो आणि त्याला इथली कंपनी वॉरंटी देत नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, वाचतात ते त्यातलेच पैसे. 'बिनव्याजी हप्ता' घेताना रोखीला मिळणारी सूट जाते का आणि प्रोसेसिंग फी किती, हे दोन प्रश्न विचारा.

जुना घेताना मूळ बिल, नाहीतर निदान त्याचा फोटो. बॉडीवरचा अनुक्रमांक बिलाशी जुळवा. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि साध्या कागदावर सही घेतलेली पावती ठेवा. पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल निघाला तर हाच कागद तुम्हाला वाचवतो.

कार्ड नामांकित कंपनीचं आणि बिलासकट. घरी आल्यावर एच२टेस्टडब्ल्यू या फुकटच्या सॉफ्टवेअरनं ते पूर्ण भरून तपासा. माझं ६४ जीबीचं कार्ड असंच उघडं पडलं, पण तोवर भाचीच्या बारशाचे फोटो गेले होते.

कॉम्बोतला ट्रायपॉड, बॅग आणि फिल्टर यांचे पैसे वजा करून भाव सांगायला लावा. बहुतेक वेळा वजा होतात.

८. धूळ, ऊन आणि श्रावण

काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, कुठूनही शिरते. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली करा, वाऱ्याकडं पाठ करा. सेन्सरवर तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे डाग धुळीपेक्षा वाईट. रबरी ब्लोअर वापरा. लेन्स पुसायची ती आधी ब्लोअर मारून आणि मगच कापडानं. उपरण्याचं टोक, साडीचा पदर आणि बनियन यांना बंदी.

मे महिन्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवून जेवायला जाऊ नका. बाहेर ४२ अंश असतात तेव्हा काच लावलेल्या गाडीत त्याहून बरंच जास्त तापतं.

आपली हवा कोरडी, म्हणून बुरशीचं भय कोकणाइतकं नाही. पण जुलै ते सप्टेंबर बॅग कपाटात बंद करून ठेवली की पावसाळी हवा दगा देते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते कधी वाळवायचं ते कळतं. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि सगळ्यात चांगलं औषध म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणं.

९. पहिली फेरी

पहिल्या फेरीला एकच लेन्स न्या. वेरूळला जाणार असाल तर दुपारनंतर जा: लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, उतरतं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. अ‍ॅपर्चर मोड (एफचा आकडा तुम्ही ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो) लावा, बाहेर एफ/८, आत लेन्स जितकी उघडते तितकी. आयएसओ ऑटो ठेवून कमाल मर्यादा ३२०० करा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची तयार फाइल) दोन्ही साठवा. रॉ आज उघडता आलं नाही तरी वर्षानं येईल, तेव्हा हे फोटो पुन्हा काढायला मिळणार नाहीत. ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ड्रोनचा विचार घरीच ठेवा.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. मी पहिल्यांदा वेरूळला गेलो तो मंगळवार होता. त्या दिवसाचे सगळे फोटो घृष्णेश्वराच्या रस्त्यावरच्या रसवंतीचे आहेत, आणि ते बरे आलेत.